गव्हाशिवाय समुद्राला जायचं होतं

माझ्या मुलानं त्याच्या बापाच्या तोंडावर चप्पल हाणली, मग दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. बाप, म्हणजे माझा नवरा, मागच्या खडीच्या ढिगाला अडखळला आणि डांबरावर एका कुशीवर पडला. हाड मोडल्याचा आवाज मला गाडीत बसून ऐकू आला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा.

गाडी उदगीरहून लातूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभी होती. मे महिना होता. पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटेल असं ऊन. माझी नात मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. नऊ वर्षांची. पहाटेपासून तिला उलट्या आणि जुलाब होत होते. पोटात पाण्याचा थेंब राहत नव्हता, तरी अंग आचके देत होतं. आता तिच्या हातांची बोटं आत वळून ताठ झाली होती, मेलेल्या कोंबडीच्या पायासारखी. मी ती उलगडायला गेले की ती किंचाळायची. मग किंचाळणंही थांबलं आणि डोळे वर गेले.

बाहेर मुलगा ओरडत होता, "कामून दिलं तिला? सांगितलं होतं ना? कामून दिलं, आण्णा?"

"म्या न्हाई दिलं रं," म्हातारा खालून म्हणाला. तोंडातून रक्त येत होतं. एक दात ओठात घुसला होता.

"मग हे काय हाय?" मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा होता, अर्धा खाल्लेला. सीटवर नातीच्या फ्रॉकपाशी बिस्किटांचा चुरा पडला होता. तो पुडा त्यानं बापाच्या तोंडावर फेकला आणि त्याच्या कमरेत लाथ घातली. ज्या कुशीवर पडला होता त्याच कुशीत. म्हातारा ओरडला तसा मी त्याला आयुष्यात ओरडताना ऐकला नव्हता.

सून गाडीतून उतरली, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर धरून तिनं त्याला मागं ओढलं. "पोरगी मरायली हितं! बापाला नंतर मारा. आधी गाडी चालवा."

दोघांनी म्हाताऱ्याला काखेत धरून उचललं आणि पुढच्या सीटवर कोंबलं. त्याचा पाय बाहेर लोंबत होता, तो सुनेनं हातानं उचलून आत टाकला आणि दार लावलं. मुलानं लातूर येईपर्यंत गाडी कुठं थांबवली नाही. म्हातारा कण्हत होता. नात कण्हतही नव्हती.

मुलानं बापावरच संशय का घेतला, ते सांगते. संशय माझाही त्याच्यावरच होता.

नातीला तिसऱ्या वर्षापासून त्रास होता. पोट घागरीसारखं आणि हातपाय काडीसारखे. खाल्लं की जुलाब. नांदेडात जंताची औषधं झाली, ताकदीची औषधं झाली, नजर काढून झाली. शेवटी एका मोठ्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढायचा म्हटलं. भुलीची सुई लावताना पोरीनं नर्सच्या मनगटाला चावा घेतला. रक्त निघालं. मी तिच्या नाकाला चिमटा घेतला तेव्हा तिनं तोंड उघडलं.

डॉक्टर म्हणाला, हिला गहू चालत नाही. गव्हात जे चिकट असतं ते हिच्या आतड्याला खरवडून काढतं. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, पाव, सगळं बंद. चिमूटभरसुद्धा नाही. कधीपर्यंत, तर जन्मभर.

त्या दिवशी आमच्या घरात मारामारी झाली. मुलानं घरातलं गव्हाचं पोतं ओढत बाहेर नेलं. म्हणाला, या घरात आता गहू नको. ओढताना पोतं उंबऱ्याला फाटलं आणि गहू गल्लीभर सांडला. म्हाताऱ्यानं काठी उचलली आणि मुलाच्या पाठीत घातली. एक नाही, काठी मोडेपर्यंत.

त्याचं असं होतं की तो नांदेडच्या मोंढ्यात हमाल होता. चाळीस वर्षं धान्याची पोती पाठीवर वाहिली. आमच्या लहानपणी गव्हाची पोळी सणालाच दिसायची, एरवी ज्वारी. लेकरांना रोज पोळी खाऊ घालतो, ही त्याची एकच फुशारकी होती. "म्या पाठ मोडून गहू घरात आणला," तो ओरडत होता, "आन् आज हा डॉक्टर म्हणतो गहू जहर हाय? जहर हाय तर सगळं नांदेड कामून मरत न्हाई?"

तो मला मारायचा. मुलाला मारायचा. म्हातारपणी हात थकले म्हणून कमी झालं, मन बदललं म्हणून नाही. पण नातीवर त्यानं कधी बोट उचललं नाही. तिला तो खांद्यावर घेऊन फिरायचा. तिला काही नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं, आणि तिला जीव लावायचा म्हणजे खाऊ घालायचं, दुसरी रीत त्याला माहीत नव्हती.

म्हणून होळीला त्यानं तिला कोपऱ्यात नेऊन अर्धी पुरणपोळी चारली. वर सांगितलं, कुणाला सांगू नको. रात्री पोरगी पोट धरून लोळली. आठवडाभर संडासात. मुलानं तेव्हा बापावर हात उगारला होता, पण खाली आणताना भिंतीवर मारला. बोटाचं हाड सुजलं. तो म्हणाला, "आण्णा, पुढच्या खेपेला भिंत न्हाई."

म्हातारा म्हणाला, "हाव, बघतो." पण त्यानंतर त्यानं तिच्या ताटात काही टाकलेलं मी पाहिलं नाही. शेजारणीनं लग्नातला बालुशाहीचा तुकडा पोरीच्या हातात ठेवला तर त्यानं तो हिसकून नालीत फेकला आणि शेजारणीला अशी शिवी दिली की ती दोन महिने आमच्याशी बोलली नाही.

पोरीला समुद्र बघायचा होता. शाळेची सहल जायची, ती घरी राहायची. लग्नकार्याला जायचं तर डबा घेऊन जायचं, कोपऱ्यात बसून खायचं, आणि दहा बायका येऊन विचारणार, एवढंसं खाल्लं तर काय होतंय? सुट्टीत सगळी गल्ली रिकामी व्हायची, आम्ही घरात. एकदा ती म्हणाली, "आजी, समुद्रात गहू असतो का?" मी म्हटलं, नसतो. "मग जाऊ की."

सुनेनं ठरवायला घेतलं. ती कॉलेज शिकलेली, बोलणं कमी. तिनं फोनवर बघून सांगितलं, कोकणात जायचं. तिथं घरोघरी तांदळाची भाकरी असते, तांदूळ तिला चालतो. राहायचं हॉटेलात नाही, जिथं एक खोली आणि आपली शेगडी लावायला जागा मिळेल अशा घरात. कुकर आपला, तवा आपला, परात आपली, उलथणं आपलं. आपला तवा लोखंडाचा, नवा, त्यावर कधी पोळी भाजलेली नाही. ज्वारी गिरणीत दळायची नाही, कारण गिरणीत आधीच्या माणसाचा गहू जात्यात राहिलेला असतो. त्यासाठी मुलानं घरात लहान चक्की घेतली होती. हिंग घरातून कधीच गेलेला, कारण डबीतल्या हिंगात मैदा असतो. हे ऐकून म्हातारा म्हणाला होता, "आता हवेत बी मैदा काढतील हे."

वाटेत कुठं काय खायचं तेही ठरलं. इडली चालेल, पण सांबार नाही. केळी चालतील. शेंगदाणे घरचे. बाहेरचा चिवडा नाही, फरसाण नाही, आईस्क्रीम कपातलं, कोनातलं नाही. देवळात प्रसाद हातावर आला तर तो माझ्या हातावर द्यायचा. मी म्हटलं, "एवढं करण्यापेक्षा लढाईला जाणं सोपं." सून म्हणाली, "लढाईच हाय, आई." ती हसली नाही.

म्हाताऱ्याला घेऊन जायचं की नाही यावर भांडण झालं. मुलगा म्हणाला, न्यायचं नाही. पोरगी रडली, आबा पाहिजेत. मग म्हाताऱ्यापुढं अट ठेवली, गाडीत गव्हाचं काही आणायचं नाही. तो मान हलवून हो म्हणाला. पण त्याला चहाबरोबर बिस्किट लागायचं, दात दोन-चारच उरले होते म्हणून भिजवून खायचा. पुडा त्यानं धोतराच्या कनवटीला बांधला.

नांदेडहून निघून पहिला मुक्काम उदगीरला, माझ्या मोठ्या नणंदेकडं. तिला आम्ही आक्का म्हणतो. तिचा नवरा वारलेला, पोरं पुण्याला, घर मोठं आणि ती एकटी. तिनंच बोलावलं होतं. वाटेतच आहे, लेकराला दोन दिवस माझ्या हातचं खाऊ द्या, म्हणाली. सुनेला नको होतं, पण नाही म्हणता येईना.

आक्काच्या स्वयंपाकघरात आक्काशिवाय कुणी शिरत नाही. सुनेनं दारातच तिच्या हातात आमचं ज्वारीचं पीठ दिलं, तवा दिला, परात दिली, आणि सगळं समजावून सांगितलं. आक्का ऐकून म्हणाली, "अगं, मला काय खुळी समजलीस का? ज्वारीचं करायचं, गव्हाचं करायचं न्हाई. एवढं कळतंय मला. तुझ्या नवऱ्याला म्या अंगाखांद्यावर वाढवलंय."

तिनं धपाटे केले. धपाटे म्हणजे ज्वारीच्या पिठात डाळीचं पीठ, तिखट, तीळ, ओवा घालून थापायचे आणि तव्यावर तेल सोडून भाजायचे. पोरीनं कधी नव्हे ते पोटभर खाल्ले. सुनेनं विचारलं, "आत्या, गहू न्हाई ना यात?"

"न्हाई गं बाई. ज्वारीचेच हायत. तुझंच पीठ."

दोन दिवस तेच. दही आणि धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे. आक्का पोरीच्या पाठीवर हात फिरवून म्हणायची, "बघा, कशी खायली. तुम्ही उपाशी मारलंय लेकराला." दुसऱ्या दिवशी दुपारपासून पोरीचं पोट बिघडलं. आम्ही म्हटलं ऊन लागलं. पहाटे उलट्या सुरू झाल्या. मुलगा म्हणाला लातूरला जाऊ, तिथं मोठे दवाखाने आहेत, वाटेतच आहे. आक्कानं डबा भरून दिला, गाडीत बसल्यावर पोरीला बरं वाटलं की द्या म्हणाली.

गाडीत म्हातारा नातीच्या शेजारी बसला होता. पोट रिकामं म्हणून त्यानं बिस्किटं काढली, कोरडीच चघळली, अर्धा चुरा सांडला. मुलानं आरशात पाहिलं. तेवढ्यात पोरीची बोटं वळली. मुलानं गाडी थांबवली, मागचं दार उघडलं, बापाला बाहेर ओढलं आणि पायातली चप्पल काढली. पुढचं मी सांगितलंय.

लातूरच्या दवाखान्यात नातीला आत नेलं. तिची शीर सापडेना. सुया टोचून टोचून दोन्ही हात काळेनिळे केले, मग पायाला टोचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातलं पाणी आणि क्षार सगळे गेलेत, बोटं त्यानं वळलीत, हृदय थांबू शकतं. आम्हाला बाहेर काढलं. सून भिंतीला टेकून उभी होती, खाली बसली नाही.

म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर दुसरीकडं नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, तोंडाला काय लागलं, कुणी मारलं का? म्हातारा म्हणाला, "पाय घसरला. खडीवर पडलो." डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी पदरानं म्हाताऱ्याचं तोंड पुसलं. खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

आक्का दुसऱ्या दिवशी बसनं आली. हातात आणखी एक डबा. "हितलं काय खाऊ घालू नका लेकराला," ती दारातूनच बोलत आली, "म्या ताजे करून आणलेत. तुमची पिशवी माझ्याकडंच राहिली होती, त्यातलंच पीठ हाय."

सुनेनं डबा घेतला. उघडला. एक धपाटा काढून हातानं वाकवला. तो वाकला, मोडला नाही. नुसत्या ज्वारीचा गार झाला की वाकत नाही, तुकडा पडतो. हे मला तेव्हाच दिसलं आणि तिलाही.

"आत्या," ती म्हणाली, "यात काय काय घातलंय?"

"तुझं पीठ, डाळीचं पीठ, तीळ, ओवा, लसूण. आन् मूठभर कणीक."

"कणीक?"

"घालावीच लागती की. तुझ्या पिठाला विरीच न्हाई. थापताना चिरा पडायल्या. प्रवासाला द्यायचं तर मोडायला नको."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. दळून दिवस झाले की ज्वारीच्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापता थापता तुटते. मग उकळत्या पाण्यानं पीठ भिजवायचं, नाहीतर गव्हाचं पीठ मूठभर टाकायचं. आमच्याकडं प्रवासाला निघालेल्या माणसाच्या धपाट्यांत ती मूठ असतेच. ती कुणी मोजत नाही आणि सांगतही नाही, पिठात मीठ घातलं असं कुणी सांगतं का?

"तुम्ही म्हणला होता गहू न्हाई," सून म्हणाली.

"गहू कुठाय त्यात? मूठभर तर हाय. म्या काय पोळ्या केल्या का?"

माझ्या सुनेनं लग्न होऊन आल्यापासून कुणावर आवाज चढवला नव्हता. तिनं तो स्टीलचा डबा आक्काच्या कपाळावर मारला. फेकला नाही, हातात धरून मारला, कडेनं. आक्का खाली बसली आणि तिच्या भुवईवरून रक्त धार लागून खाली आलं, लुगड्यावर, फरशीवर, धपाट्यांवर. सून परत मारणार होती. मी तिचा हात धरला नाही, वॉचमननं धरला.

"म्या जीव लावला लेकराला," आक्का रडत होती, "आन् मला मारलं."

मी म्हटलं, "आक्का, कपाळ शिवून घ्या आन् उदगीरला जावा. परत येऊ नका." त्याच दवाखान्यात तिला टाके पडले.

मुलगा हे सगळं बघत उभा होता. मग तो वरच्या मजल्यावर बापाच्या खाटेपाशी गेला. मी मागून गेले. म्हाताऱ्याच्या पायाला वजन लटकवलं होतं, ओठ फुगून काळा झाला होता. मुलगा खाटेचं लोखंड धरून उभा राहिला. मीच सांगितलं, आक्कानं कणीक घातली होती, ती म्हणती घालावीच लागती.

म्हाताऱ्यानं फुगलेल्या ओठावरून जीभ फिरवली. मग मुलाला म्हणाला, "हात लई जड हाय तुझा. माझ्यावरच गेलास."

मुलगा खाटेच्या लोखंडावर डोकं आपटून घ्यायला लागला. म्हातारा ओरडला, "बस कर, खाट हलायली, मला दुखायलंय." मग विचारलं, "पोरगी कशी हाय?"

मी म्हटलं, बोटं सरळ झाली, पाणी पिली.

"मग बिस्किटं मला परत दे," म्हातारा म्हणाला. "सकाळपासून नुसता चहा पितोय."

नात बरी होऊन नांदेडला आली. म्हाताऱ्याच्या खुब्यात सळई घातली, पण तो उभा राहिला नाही. घरात पडून राहिला. पाठीला जखमा झाल्या, ज्या पाठीवर चाळीस वर्षं पोती वाहिली त्याच पाठीला. मुलगा रोज त्याचं हागमूत काढायचा, कुशीवर वळवायचा. म्हातारा शिव्या द्यायचा, तो ऐकून घ्यायचा. पावसाळ्यात छातीत कफ भरला. विचारायला आलेल्या लोकांना म्हातारा शेवटपर्यंत सांगत राहिला, पाय घसरला. मुलानं कुणाला काही सांगितलं नाही. मी आज लिहितेय.

पुढच्या मे महिन्यात आम्ही परत निघालो. सुनेनं पीठ आदल्या दिवशी दळलं, भाकरी उकळत्या पाण्यात भिजवून मी थापली. मोडली तर मोडली, तुकडे खाऊ. यावेळी उदगीरला थांबायचं नव्हतं, पण मुलानं गाडी त्याच रस्त्यानं घेतली. का ते मी विचारलं नाही. खडीचा ढीग गेला होता, रस्ता रुंद केला होता. तरी नातीनं ओळखलं. खिडकीतून बघत ती म्हणाली, "पप्पा, हितंच ना? आबाला तुम्ही हितंच मारलं ना?"

आम्हाला वाटत होतं ती शुद्धीत नव्हती. मुलानं गाडी थांबवली नाही. सुनेनं पोरीच्या हातात केळं दिलं.

समुद्र मला फारसा आवडला नाही. सारखा आदळत असतो. पोरीला मात्र बाहेर काढता काढता नाकी नऊ आले. एका लाटेनं तिला आडवं पाडलं, ती खारं पाणी गिळून बाहेर आली आणि वाळूवर भडाभडा ओकली. मुलगा जागच्या जागी खाली बसला. सून धावत गेली आणि तिनं ओकारीत बोट घालून बघितलं, काय खाल्लंय. नुसतं पाणी होतं. पोरगी तोंड पुसून परत पाण्यात गेली.

आक्काच्या कपाळावर आडवी खूण आहे म्हणे. ती लोकांना सांगते, भाच्याच्या बायकोनं मारलं, तेही धपाटे केले म्हणून. ते खरंच आहे.

पहिल्या खेपेला त्या गाडीत आम्ही पाच जण होतो. नात जगली. तिची आई, तिचा बाप आणि मी जिवंत आहोत. म्हातारा जगला नाही.